अण्णांचा पिक्चर

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आईकडे गेलो होतो, ढवळीला. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची कामं चालू होती, अंगणात चटईवर मिरच्या आणि सोलं वाळत घातलेली, घरभर त्या सोलांचा आंबट वास. जेवणं झाली, आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि एकदम म्हणाली, "बाबू, अण्णांचा पिक्चर लाव रे जरा." कुठला पिक्चर म्हटलं, तर म्हणाली, "कुर्डीचा. भाच्या यंदा मला कुर्डीला नेतो म्हणतायत, मी हो म्हटलंय. पण आधी अण्णांनी काढलेलं बघते आणि मग जाते." असं म्हणून तिने देवघराच्या खणातून, कापराच्या डबीशेजारून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. त्याला पांढरा दोरा बांधलेला, दोऱ्याला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर चिकटपट्टी आणि आत अण्णांचं ते शाळामास्तरी अक्षर, 'कुर्डी, मे २००८'. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं होऊन गेली, पण ते अक्षर बघितलं की अजून पाठ सरळ करून बसावंसं वाटतं.

लॅपटॉपला लावला. आत एकच फाइल. तिचं चिन्ह कोरं पांढरं कागदासारखं, डबल क्लिक केलं तर विंडोज मलाच विचारतंय ही कशाने उघडू. साइज बघितली, १८४ केबी. नऊ-दहा मिनिटांचा पिक्चर १८४ केबीमध्ये मावत नाही हे मला त्याच क्षणी कळलं, आणि आई तोवर खुर्ची ओढून माझ्या खांद्यामागे चष्मा लावून बसली होती.

"लागत नाही?"

"लागेल गं, थोडा वेळ लागेल," म्हटलं. तिने चष्मा काढून डबीत ठेवला. त्या डबीचा टक् असा आवाज पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यात वाजत राहिला.

आईचं माहेर कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं ते. आजी-आजोबा, मामा सगळे धरणग्रस्तांसाठी वसवलेल्या वाडे गावच्या वसाहतीत आले, प्लॉट मिळाले, घरं झाली, पण आईचं लग्न त्याच्या आधीच झालेलं, त्यामुळे तिच्या मनातलं माहेर कधी त्या वसाहतीत आलंच नाही. दर मे महिन्यात पाणी उतरतं, गाव वर येतो, जोती दिसतात, सोमेश्वराच्या उत्सवाला लोक जमतात, मामा न चुकता जायचे आणि दरवर्षी आईला विचारायचे, आणि आई दरवर्षी म्हणायची मला नाही बघायचं. आम्ही लहान होतो तेव्हा तिचा हा हट्ट समजायचा नाही. साळावलीचं पाणी अर्ध्या गोव्याच्या नळाला येतं, मडगावला मावशीकडे गेलो की आई नळाखाली हात धरून एक क्षण थांबायची, एवढंच मला आठवतं, ती काही बोलायची नाही.

अण्णा २००५ ला रिटायर झाले आणि आलेल्या पैशातून त्यांनी घरात पहिला कॉम्प्युटर घेतला. विंडोज एक्सपी होतं त्याच्यावर. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, रविवारी घरी आलो की त्यांना थोडं थोडं शिकवायचो, माउस कसा धरायचा, फोल्डर कसा करायचा. बाकी ते स्वतःच शिकले, दुरेघी वहीत नोंदी काढून. आणि त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांना मूव्ही मेकर सापडला, फोटो जुळवून पिक्चर करायचा प्रोग्राम. एक्सपीबरोबर फुकटच यायचा तो, वेगळा विकत घ्यायला नको, कुणाला विचारायला नको. निळसर पडदा, डाव्या बाजूला कामांची यादी, उजवीकडे छोटा काळा चौकोन ज्यात पिक्चर चालतो, आणि खाली ती लांबच लांब पट्टी, टाइमलाइन, तिच्यावर फोटो ओढून सोडायचा. एखादा माणूस पानं जुळवून हार करायला बसतो तसे अण्णा दुपारभर त्या पट्टीवर फोटो लावत बसायचे. पहिला पिक्चर माझ्या मुंजीचा केला, मग आमच्या गणपतीचा, घुमट आरतीसकट. त्या काळी गोव्यात किती घरांतून रिटायर झालेले मास्तर, कारकून, पोस्टातले लोक असे त्या प्रोग्रामपुढे बसून नातवंडांचे पिक्चर करत असतील, मला नेहमी वाटतं की यावर कुणी तरी लिहायला पाहिजे.

२००८ च्या मे मध्ये ते मामांबरोबर कुर्डीला गेले. आईला सांगून गेले, पण कशाला ते सांगितलं नाही. दिवसभर उन्हात फिरून फोटो काढले, संध्याकाळी परत आले तेव्हा चपलांना तो राखाडी चिखल, सुकून भेगा पडलेला. मग मामांच्या ट्रंकेतले जुने फोटो आणले, फोंड्याच्या स्टुडिओतून स्कॅन करून घेतले, आणि पुढचे तीन-चार महिने त्यांची ती पट्टी चालू होती. ज्या आईला गाव बघायचं नाही तिच्यासाठी हे चाललंय हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. चवथीच्या आसपास एकदा त्यांनी तिला बोलावून अर्धामुर्धा दाखवला. ती मध्येच उठली, दूध उतू जाईल म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर त्या विषयावर घरात बोलणं झालं नाही. अण्णांनी मात्र पिक्चर पेन ड्राइव्हवर घालून एक मामांना दिला आणि एक देवघराच्या खणात ठेवला. मामा म्हणाले उघडत नाही, तर अण्णा म्हणाले तुमच्या मशीनमध्ये काहीतरी असेल.

मामांच्या मशीनमध्ये काही नव्हतं. अण्णांनी कॉपी केलेली ती पिक्चरची फाइल नव्हती, प्रोजेक्टची होती. ही चूक तेव्हा हजारो लोकांनी केलीय. मूव्ही मेकरच्या प्रोजेक्टमध्ये एकही फोटो नसतो, एकही आवाज नसतो, नुसती यादी असते, की अमुक ठिकाणचा अमुक फोटो घे, इतके सेकंद दाखव, त्याच्यावर ही अक्षरं घाल, मग हळूच दुसऱ्यात मिसळून टाक. म्हणून ती एवढीशी. 'सेव्ह मूव्ही' करून पूर्ण पिक्चर बाहेर काढायचा तो शेवटचा टप्पा अण्णांनी केलाच नव्हता. माहीत नव्हतं म्हणून केला नाही, की आई उठून गेली म्हणून केला नाही, हे मला आता कोण सांगणार.

आता मूव्ही मेकर कुठून आणायचा? विंडोज ७ पासूनच तो विंडोजबरोबर यायचा बंद झाला होता, नंतर त्याच नावाचा वेगळाच प्रोग्राम डाउनलोड करावा लागायचा, तोही मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ ला काढून घेतला. विंडोज ११ बरोबर क्लिपचॅम्प येतो, चांगला आहे, पण त्याला अण्णांची यादी वाचता येत नाही. नेटवर शोधलं तर मूव्ही मेकर नावाचे भलतेच प्रोग्राम ढिगाने, त्यातला एक घालून बघितला तर सगळं झाल्यावर सेव्ह करायला पैसे मागायला लागला, लगेच काढून टाकला आणि मशीन स्कॅन करून घेतलं. मग कळलं की एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाच्या काळात, ज्यांचं ग्राफिक्स कार्ड जुनं होतं त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक २.६ व्हर्जन काढलं होतं, ते आतून एक्सपीच्याच मूव्ही मेकरसारखं. सात-आठ एमबीचा इन्स्टॉलर, इंटरनेट आर्काइव्हवर कुणीतरी जपून ठेवलेला. ज्याने ठेवला त्याचे मला पाय धरावेसे वाटले. घातला, सुरू झाला, तो निळसर पडदा वीस वर्षांनी समोर आला, मी प्रोजेक्ट उघडला आणि दोन सेकंदात सगळं गपकन बंद. परत उघडला, परत बंद. कंपॅटिबिलिटीमध्ये जाऊन एक्सपी सर्व्हिस पॅक ३ केलं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, तेच. रात्रीचा एक वाजला, बायको म्हणाली झोपा आता, पण मला झोप कुठली.

ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, सर, एक्सपीच घाला ना, व्हर्च्युअलबॉक्समध्ये. म्हणजे विंडोज ११ च्या पोटात एका खिडकीत अख्खा एक्सपीचा कॉम्प्युटर चालवायचा. अण्णांची एक्सपीची सीडी घरीच होती, बॉक्ससकट, कारण अण्णांनी कधी कुठला बॉक्स टाकला नाही. पुढच्या शनिवारी ढवळीलाच जाऊन बसलो. सीडीवर बुरशीचे पांढरे ठिपके, गोव्यातला पाऊस कपाटातल्या वस्तूलाही सोडत नाही, मऊ कापडाने मधून बाहेर असं पुसत पुसत साफ केली आणि ती वाचली गेली. अर्ध्या तासाने इन्स्टॉल संपलं, मशीन रिस्टार्ट झालं, ती हिरवी टेकडी, निळं आभाळ, आणि एक्सपी सुरू होतानाचा तो आवाज आला. लॅपटॉपचा आवाज मोठा होता, माझ्या लक्षात नव्हतं.

आई आतून आली. आदोळीवर खोबरं खवत होती, बोटांना खोबरं लागलेलं. दारात उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग अण्णांचं टेबल असायचं त्या खिडकीकडे. रोज दुपारी तीन वाजता तिची झोप याच आवाजाने मोडायची, तेरा-चौदा वर्षं. "मला वाटलं..." एवढंच म्हणाली आणि परत आत गेली. थोड्या वेळाने खोबरं खवल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा हळू. मी आवाज बंद करून टाकला आणि मग वाटलं, बंद करायला नको होता.

त्या एक्सपीत मूव्ही मेकर होताच. प्रोजेक्ट उघडला आणि या वेळी बंद पडला नाही. टाइमलाइन समोर आली, पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण, आणि प्रत्येक चौकोनात लाल फुली. एकसष्ट फोटो, सात छोटे व्हिडिओ, तीन आवाजाच्या पट्ट्या, सगळ्यांवर फुल्या. अण्णा वह्या तपासायचे तेव्हा चुकलेल्या गणितावर मारायचे तशा. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर प्रत्येक वस्तूचा मूळ पत्ता तिथे लिहिलेला, फोटो-व्हिडिओंचा डी ड्राइव्ह, त्यात 'कुर्डी', त्यात 'जुने', 'नवे', 'सोमेश्वर', 'घर', अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन बघत होता आणि तिथे कुणी नव्हतं. मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे संपलं सगळं, आणि दुसरी, की अण्णा अगदी नीट पत्ते लिहून गेलेत, आता वस्तू तेवढ्या शोधायच्या.

जुना कॉम्प्युटर २०१८ मध्ये बिघडला तेव्हा कॅबिनेट भंगारात गेलं होतं. हार्ड डिस्क अण्णांनी काढून ठेवली होती हे आईला माहीत होतं, मला नाही. लाकडी कपाटात वरच्या खणात, 'गोमन्तक'च्या पानात गुंडाळून, वर डांबरगोळ्या. ऐंशी जीबीची, मागे ती चाळीस पिनांची रुंद जुनी तोंडं, त्यातली एक पीन किंचित वाकलेली. पणजीला जाऊन यूएसबीचा ॲडॅप्टर आणला, वेगळा करंट द्यावा लागतो त्या डिस्कला, पीन सुईने हळूच सरळ केली, बटण दाबलं आणि हात डिस्कवर ठेवून बसलो. आधी काहीच नाही. मग बोटांखाली एक थरथर आली, फिरायला लागल्याचा तो बारीक चढत जाणारा आवाज, मध्येच दोनदा कट् कट्, आणि स्क्रीनवर दोन ड्राइव्ह उमटले. मी आईला हाक मारली नाही, आधी अण्णांचा डी ड्राइव्ह सगळा कॉपी करायला लावला, कारण अशी डिस्क परत चालू होईलच याचा भरवसा नसतो. नव्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या नव्या डिस्कला 'डी' हे अक्षर दिलं. फोल्डरची नावं जशीच्या तशी ठेवली, 'सोमेश्वर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये अण्णांनी एक अक्षर जास्तीचं घातलं होतं तेसुद्धा, कारण ते काढलं असतं तर पत्ता चुकला असता.

आणि मधल्या दिवसांत २.६ का बंद पडतो तेही कळलं होतं. मूव्ही मेकरच्या स्वतःच्या ऑप्शन्समध्येच एक कंपॅटिबिलिटीचा टॅब आहे, त्यात मशीनमधले बाहेरचे व्हिडिओ फिल्टर यादीने दिसतात आणि प्रत्येकापुढे टिक असते. माझ्या लॅपटॉपवर एका जुन्या प्लेअरबरोबर आलेले कुठले कुठले फिल्टर होते, त्यांच्याशी त्याचं जमत नव्हतं. सगळ्या टिका काढल्या. म्हणजे अडचण विंडोज ११ ची नव्हती आणि अण्णांच्या फाइलची तर मुळीच नव्हती. एक्सपीला नाही तरी ॲक्टिव्हेट न करता तीसच दिवस मिळतात, ते दिवस खाली कोपऱ्यात मोजले जात होते आणि ते बघवत नव्हतं मला, त्यामुळे हे बरंच झालं. २.६ विंडोज ११ वर सरळ उघडला, प्रोजेक्ट उघडला, आणि फोटो-व्हिडिओंवरच्या फुल्या गेल्या.

पहिला फोटो आला, पाणी आणि पाण्यातून वर आलेले माडाचे खुंट. मग दुसरा, भेगाळलेली जमीन आणि तिच्यात रुतलेल्या पांढऱ्या शिंपल्या. एकेक चौकोन भरत गेला. मी प्ले दाबलं नाही, नुसती पट्टी बघत बसलो, कारण पट्टीवर जे दिसतं ते पिक्चरमध्ये दिसत नाही. मूव्ही मेकरमध्ये फोटो टाकला की तो आपोआप पाच सेकंदांचा होतो. अण्णांनी बहुतेक फोटो पाचाचेच ठेवलेत. पण काही काही मुद्दाम ओढून लांब केलेत. आजोबांचा खळ्यातला जुना फोटो नऊ सेकंद. आई आणि मावशी परकर-पोलक्यात, एकीची वेणी दुसरीच्या हातात, तो बारा सेकंद. आणि एका पडक्या जोत्यापुढे चिऱ्याची तुळस, वर नुसता चौथरा उरलेला, तो फोटो तब्बल वीस सेकंद, त्याच्यावर 'ईझ इन'चा इफेक्ट, म्हणजे चित्र हळूहळू जवळ येत जातं. ढीगभर इफेक्ट आणि ट्रान्झिशन होते त्या प्रोग्राममध्ये, पान उलटणारे, चांदण्या पडणारे, आणि मुंजीच्या पिक्चरमध्ये त्यांनी ते सगळे वापरले होते. इथे फक्त दोन, एक हळूच मिसळणं आणि एक हे जवळ येणं. तयार झालेला व्हिडिओ मला मिळाला असता तर मी हे मोजलं नसतं. माउसने एखादा फोटो ओढून पाचाचे वीस सेकंद करताना माणूस काय विचार करत असेल, ते तिथे त्या चौकोनाच्या रुंदीत दिसत होतं, माझ्या वडिलांची दुपार होती ती.

पाट्यांवरची अक्षरं मात्र अजून गचाळ दिसत होती, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. ते मी लगेच ओळखलं. अण्णा 'शिवाजी' फॉन्टमध्ये टाइप करायचे, युनिकोड त्यांना जमला नाही, त्या फॉन्टचा कीबोर्ड कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येतं तो त्यांनी वहीत काढून पाठ केला होता. फॉन्ट नसेल तर खालचा इंग्रजी कचरा तेवढा दिसतो. फॉन्ट जुन्या डिस्कमध्येच होता, फॉन्ट्सच्या फोल्डरात. इन्स्टॉल केला, प्रोजेक्ट बंद करून परत उघडला, आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत आलं, 'कुर्डी. सौ.साठी.'

अण्णा आईला नावाने हाक मारत नसत. 'अगो' म्हणायचे. लिहिताना 'सौ.' पत्रातही तेच.

तीन आवाजाच्या पट्ट्या म्हणजे अण्णांचं निवेदन. माइक लावून टाइमलाइन चालू करायची आणि बोलत जायचं अशी सोय होती त्यात, आणि रेकॉर्ड झालेला आवाज माय व्हिडिओजमध्ये 'नॅरेशन' नावाच्या फोल्डरात जाऊन पडायचा. तो फोल्डर सी ड्राइव्हवर, अण्णांच्या युजरच्या आत, विंडोज ११ म्हणालं तुम्हाला परवानगी नाही, मग कंटिन्यू दाबून परवानगी घेतली. आत तीन फाइली, एक, दोन, तीन. पहिली कॉपी झाली. दुसरी झाली. तिसरीला हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली, डिस्कमधून परत ते कट् कट्, आणि सायक्लिक रिडंडन्सी चेकची एरर. म्हणजे डिस्कच्या त्या जागेवर जे लिहिलंय ते आता वाचता येत नाही. परत केलं, परत तेच. डिस्क थंड होऊ दिली, दुसऱ्या केबलने बघितलं, खराब डिस्कवरून जेवढं निघेल तेवढं काढणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवला. सकाळी फाइल बनली होती पण उघडत नव्हती. नाव दिसत होतं, तारीख दिसत होती, ११ ऑगस्ट २००८, संध्याकाळचे चार वाजून दहा मिनिटं, लांबी प्रोजेक्टमध्ये लिहिलेली, त्रेपन्न सेकंद. त्या त्रेपन्न सेकंदांत अण्णा काय बोलले ते गेलं. मी ती डिस्क डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्यावी का यावर खूप विचार केला, अजूनही करतोय. पावसाळ्यातली एखादी संध्याकाळ असणार, कौलांवर पाऊस पडत असणार, पहिल्या दोन पट्ट्यांत मागे तो ऐकू येतोच.

मग आईला बोलावलं. ८ मे होती त्या दिवशी. मी आधीच डीव्ही-एव्हीआयमध्ये पिक्चर बाहेर काढून ठेवला होता, नऊ मिनिटांचे जवळजवळ दोन जीबी, त्याचा एमपी४ करून टीव्हीवर लावता आला असता. पण आई म्हणाली, "नको, अण्णा जिथे लावायचे तिथेच लाव," म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावर. तिथे लॅपटॉप ठेवला, आणि मी मूव्ही मेकरमधूनच चालवला, त्या छोट्या काळ्या चौकोनात. 'सौ.साठी' आलं तेव्हा तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला, म्हणजे तिला दिसत नव्हतं म्हणून की दिसलं म्हणून ते मी विचारलं नाही. अण्णांचा आवाज सुरू झाला, "हा साळावलीचा जलाशय. आता आपण गावात उतरत आहोत." वर्गात शिकवायचे तसा, प्रत्येक शब्द सुटा. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या हेही त्यांनी सांगितलं, आणि महादेवाचं देऊळ एकेक दगड उचलून धरणाजवळ नेऊन कसं पुन्हा बांधलं तेही. आई मान हलवत होती, मास्तरांपुढे बसलेल्या मुलीसारखी. या वेळी ती उठली नाही.

सहाव्या मिनिटाच्या पुढे आवाज गेला. तिथे तिसरी पट्टी होती, लाल फुलीची. चित्रं चालू, आवाज नाही. मी सांगायला तोंड उघडलं की इथलं निवेदन मिळालं नाही, तेवढ्यात तो तुळशीचा वीस सेकंदांचा फोटो आला, हळूहळू जवळ येत जाणारा, खाली पाटी, 'आपले अंगण'.

आई पुढे वाकली. "थांबव," म्हणाली. मी थांबवला.

"हे आमचं अंगण नव्हे रे."

मी गप्प. तिने स्क्रीनला बोट लावलं, नखाला सोलांचा लाल रंग. "ही सोनाराची तुळस. आमची याच्या उजवीकडे, व्हाळाच्या बाजूला, आणि तिला कोनाडा होता पणतीसाठी. मीच लावायची पणती. हिला कोनाडा कुठे आहे? जावयाला काय माहीत, चार वेळा आले असतील माझ्या बापाच्या घरी." थोडा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "भावाने दाखवली असेल चुकीची. तो लहान होता आम्ही तिथे होतो तेव्हा." आणि मग, बऱ्याच वेळाने, "की बोलताना बरोबर सांगितलं असेल यांनी? इथे बोललेच नाहीत काही?"

मी तिला सांगितलं की बोललेत, पण ते आता ऐकू येणार नाही. कसं गेलं तेही सांगितलं, डिस्क दाखवली. तिने ती हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि गोमन्तकच्या त्याच पानात परत नीट गुंडाळली, डांबरगोळ्यांसकट. "पुढचं लाव," म्हणाली.

मे संपता संपता भाच्या तिला कुर्डीला घेऊन गेल्या, मीही गेलो. सांग्याहून पुढे गेल्यावर गाडीत ती बोलायची बंद झाली. खाली उतरल्यावर मात्र कुणाचा हात धरला नाही तिने, सत्तरीची बाई त्या भेगांवरून, शिंपल्या पायाखाली मोडत, सरळ चालत गेली. सोनाराच्या तुळशीपाशी एक क्षण थांबली, मी फोटोवरून ती लगेच ओळखली, तशीच होती, सतरा वर्षांनी थोडी आणखी झिजलेली. तिथून उजवीकडे वळली, वीस-पंचवीस पावलं गेली आणि एका चिऱ्यांच्या ढिगापाशी खाली बसली. हाताने चिखल खरवडला. कोनाडा अर्धाच उरला होता, तीन बोटं मावतील एवढा. तिने तीन बोटं आत घातली आणि तशीच बसून राहिली, उन्हात, डोक्यावर पदर.

मी फोटो काढला. घरी येऊन तो डी ड्राइव्हवर टाकलाय, अण्णांच्या 'घर' फोल्डरात, इतरांच्या शेजारी. मूव्ही मेकर उघडतो मधूनमधून. 'आपले अंगण' ही पाटी बदलायला दोन मिनिटं पुरतील, शिवाजी फॉन्टमध्ये कुठलं बटण कुठलं अक्षर ते अण्णांच्या वहीत आहेच. आईला विचारलं बदलू का, तर म्हणाली राहू दे सध्या. नवा फोटोही अजून पट्टीवर ओढलेला नाही. तिथे तिसऱ्या आवाजाच्या खाली ती लाल फुली आहे, त्रेपन्न सेकंद लांब, आणि तिच्या वर तुळस वीस सेकंदभर जवळ येत राहते.